आधी सोडा, मग घ्या

कुसुम सिस्टर बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. त्या पोटाकडे बघतात.

यात वावगं काही नाही, हे कळायला मला आठवडा लागला. माझ्या बायकोला, माधुरीला, त्याहून थोडा जास्त लागला. आम्ही दहिवलीतल्या या इमारतीत राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची ओळख करून घ्यावी म्हणून मी खालच्या मजल्यावरची बेल वाजवली. साठी उलटलेल्या, काटक बांध्याच्या एका बाईंनी दार उघडलं. मी "नमस्कार, मी वरच्या मजल्यावर" एवढंच बोललो असेन, तेवढ्यात त्यांनी एक बोट वर करून मला थांबवलं. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि माझ्या शर्टाच्या तिसऱ्या-चौथ्या बटणांच्या मध्ये नजर लावून त्या उभ्या राहिल्या. अख्खं एक मिनिट. मिनिट ही फार लांब गोष्ट असते. अनोळखी दारात उभं राहून तुम्ही कधी कुणाला आपलं पोट बघू दिलं असेल, तर तुम्हाला ते ठाऊक असेल.

"चोवीस," शेवटी त्या म्हणाल्या. "जिना उतरून चोवीस. मग चढून किती होत असतील? बसा. सोळावर आलात की नाव सांगा."

मी त्यांच्या खुर्चीत बसून सोळावर येण्याची वाट पाहत राहिलो. आमची ओळख झाली ती अशी.

सिस्टर म्हणजे आरोग्य खात्यातल्या निवृत्त नर्सबाई. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर त्यांची सारी नोकरी गेली. डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांवर पायी जायचं, बाळांना लस द्यायची, वजनं करायची आणि एखादं बाळ खोकत असेल तर त्याच्या पोटावरचं झबलं वर करून मिनिटभर त्याचे श्वास मोजायचे. वर्षाच्या आतलं बाळ असेल आणि मोजणी पन्नासच्या वर गेली, तर दुखणं छातीत उतरलंय असं समजून त्याला दवाखान्यात धाडायचं. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की नोकरी संपली तरी मोजणी संपली नाही. बाळं मिळेनाशी झाली म्हणून त्या आमच्यासारख्या मोठ्या माणसांवर आल्या, एवढाच फरक.

त्यांचं दुसरं वेड त्यांच्या तोंडी असलेल्या चार शब्दांत होतं. "आधी सोडा, मग घ्या." त्यांच्या मते जगातल्या निम्म्या तक्रारी माणसं श्वास पुरता सोडत नाहीत म्हणून होतात. सगळ्यांना घ्यायची घाई. आतली शिळी हवा बाहेर गेल्याशिवाय ताजी जाणार कुठं, असा त्यांचा सवाल असे. इमारतीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून भांडण पेटलं होतं. आमचे सेक्रेटरी लालबुंद होऊन एका दमात सहा-सात वाक्यं बोलून गेले आणि आठव्यासाठी त्यांनी छाती भरून घेतली. तेवढ्यात सिस्टर मागच्या खुर्चीवरून शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, भरलेल्या पिशवीत भरताय. आधी सोडा." सेक्रेटरींनी सवयीनं सोडला. सगळा सोडला. आणि मग आपण काय म्हणत होतो ते त्यांना काही केल्या आठवेना. ती सभा वीस मिनिटांत संपली. टाकीचं पाणी तेव्हापासून बरोबर येतं.

पोशीरला माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं, तिथंही त्या आमच्याबरोबर आल्या होत्या. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, लोक हातात अक्षता घेऊन उभे. मी बघतो तर सिस्टर घड्याळ डोळ्यांसमोर धरून नवऱ्या मुलाच्या उपरण्याकडे टक लावून आहेत. तिसरं कडवं संपल्यावर त्या पुढं झाल्या आणि गुरुजींच्या कानाशी म्हणाल्या, "मुलाचे बत्तीस झालेत. जरा संथ म्हणा, नायतर पडंल." गुरुजींनी चाल उतरवली. मुलगा पडला नाही. त्याची आई मात्र अजून सिस्टरांशी बोलत नाही, कारण व्हिडिओत शेवटची दोन कडवी अंगाईसारखी ऐकू येतात.

आमच्या घरात त्यांनी केलेला घोटाळा वेगळाच. माधुरीकडे उसासा नावाचं एक शस्त्र आहे. मी एखादं काम विसरलो की ती बोलत नाही, खिडकीपाशी जाऊन लांब उसासा टाकते. त्या उसाशापुढं मी वीस वर्षं हरत आलो. एके दिवशी तिनं तो टाकला आणि खालच्या खिडकीतून आवाज आला, "छान. उसासा चांगला असतो गं. फुप्फुसातले मिटलेले कोपरे उघडतात त्यानं. आणखी एक टाक." माधुरीचा दुसरा उसासा घशातच राहिला. त्या दिवसापासून शस्त्र बोथट झालं ते झालंच.

शनिवार-रविवारी आमच्याकडे मुंबईहून माणसं येतात. फार्महाऊसवर उतरतात, सकाळी रस्त्यानं फिरतात, हात पसरून म्हणतात की इथं किती ऑक्सिजन आहे. सिस्टर दूध घेऊन येताना त्यांना थांबवतात. "ऑक्सिजन तेवढाच हाय," त्या सांगतात. "तुमच्याकडं पण तेवढाच. इथं धूळ कमी हाय आणि तुमी मोबाइल खिशात ठेवलाय." लोक हिरमुसतात. मी एकदा म्हणालो, "सिस्टर, कशाला त्यांचा आनंद घालवता?" त्या म्हणाल्या, "आनंद राहू दे की. हिशेब चुकीचा नको."

मी कर्जतच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. माझी शाळा सकाळची. नववीला श्वसनाचा धडा आला, तेव्हा मला वाटलं की ज्या बाईंनी आयुष्यभर श्वास मोजले त्यांना एक तास द्यावा. मुख्याध्यापकांची परवानगी काढली आणि सिस्टरांना वर्गात नेलं. येताना त्यांनी पर्समधून बोटाला लावायचं ते छोटं यंत्र आणलं होतं, ऑक्सिमीटर. पहिल्या बाकावरच्या तनुजा नावाच्या मुलीला त्यांनी पुढं बोलावलं, तिच्या बोटाला ते लावलं आणि सांगितलं, "आता श्वास धर. जमेल तेवढा वेळ धर. बाकीच्यांनी आकडा बघायचा."

यंत्रावर अठ्ठ्याण्णव होते. तनुजानं गाल फुगवले. अर्ध्या मिनिटानं तिचे डोळे मोठे झाले, मग ती पाय आपटायला लागली, आणि शेवटी तिनं फूऽऽ करून सोडून दिला. सगळे हसले.

"आकडा किती होता?" सिस्टरांनी विचारलं.

"अठ्ठ्याण्णवच," मुलं म्हणाली.

"मग हिला गुदमरलं कशानं? रक्तातला ऑक्सिजन तर कमी झाला नव्हता."

वर्गात कुणाला सांगता येईना. खरं सांगायचं तर मलाही चटकन सांगता आलं नसतं. सिस्टर म्हणाल्या, "जायचं ते गेलं नाय म्हणून. आपलं शरीर ऑक्सिजन किती आला त्याच्याकडं एवढं बघत नाय. कार्बन डायऑक्साइड किती साठला तिकडं बघतं. तो साठला की आतून धक्का मारतं, सोड आता म्हणून."

मग त्यांनी फळ्यावर द्राक्षाचा घड काढला आणि त्याच्याभोवती जाळं. ही फुप्फुसाच्या टोकांची फुगीर पिशवी, ही तिच्यावरची रक्ताची नळी. दोघींच्या मध्ये एक पडदा, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. या पडद्यातून ऑक्सिजन इकडून तिकडं जातो, कार्बन डायऑक्साइड तिकडून इकडं येतो. कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही. जिकडं जास्त आहे तिकडून जिकडं कमी आहे तिकडं आपापले जातात. "पिशवी रिकामी व्हायला पायजे आणि पडदा पातळ रहायला पायजे," सिस्टर म्हणाल्या. "माणूस जगतो तो एवढ्यावर."

पुढं वर्गात तो धडा मी कधीच एवढा चांगला शिकवू शकलो नाही. पण तो विषय वेगळा.

सांगायचं होतं ते गुरुवारचं. दर गुरुवारी दुपारी सिस्टर इस्त्रीची साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन बाहेर पडत आणि दिवेलागणीला परत येत. कुठं जाता विचारलं तर म्हणत, "कामाला." निवृत्त बाईंना कसलं काम? गुरुवार म्हणजे कुठल्यातरी मठात जात असणार, असं माधुरीनं ठरवून टाकलं होतं. एका गुरुवारी त्यांची एसटी आलीच नाही. तासभर थांब्यावर उभ्या राहून त्या परत आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागायला वर आल्या.

"मास्तर, स्कूटर मोकळी हाय का? लोधिवलीला जायचंय."

चौक गावाच्या रस्त्यानं आम्ही निघालो. पाठीमागून त्या माझे मोजत होत्या, हे मला त्यांनी न सांगताही कळत होतं. चौक सोडून जुन्या हायवेला लागल्यावर त्या म्हणाल्या, "बावीस. गाडी तुमीच चालवताय ना? मग घाबरता कशाला?"

लोधिवलीत एका कौलारू घरापुढं त्यांनी मला थांबवलं. घरात जायच्या ऐवजी त्या ओट्यावर खिडकीखाली बसल्या. आतून मशीनचा घुर्र घुर्र आवाज येत होता. खिडकीतून दिसत होतं की आत खाटेवर, उशांच्या ढिगाला टेकून एक म्हातारी बसली आहे आणि तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली आहे. सिस्टरांनी घड्याळ पुढं धरलं, मिनिटभर मोजलं आणि पिशवीतल्या छोट्या वहीत आकडा लिहिला. मग पिशवीतून पपई काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवली. आतल्या म्हातारीनं एकदा पपईकडे पाहिलं, एकदा सिस्टरांकडे, आणि तोंड भिंतीकडे वळवलं. एवढं झाल्यावर सिस्टर निवांत बसून राहिल्या. दोन तास. कुणी कुणाशी बोललं नाही.

मला घरातल्या सुनेनं, सुरेखानं, मागच्या अंगणात चहा दिला तेव्हा उलगडा झाला. आतली म्हातारी म्हणजे सिस्टरांची थोरली बहीण, शेवंताआक्का. आई लवकर गेल्यामुळं आक्कानंच कुसुमला वाढवलं होतं. आक्काच्या लग्नानंतर तिनं आपल्या धाकट्या दिराशी कुसुमचं जमवलं. सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी कुसुम कपड्यांची पिशवी घेऊन एकटीच अलिबागला गेली, नर्सिंगच्या ट्रेनिंगला. पत्र आधीच आलं होतं, तिनं कुणाला दाखवलं नव्हतं. सासरी आक्काला काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते सांगायला नको. पुढं कुसुम भेटायला आली तेव्हा आक्कानं दारातूनच सांगितलं, माझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकू नको.

"आनी मावशींनी नाय टाकला," सुरेखा म्हणाली. "कंदीच नाय. इतकी वर्सं यायच्याच नाय. तीन वर्सांमागं आत्याबायला दम्यासारखं झालं, चुलीच्या धुरानं छाती खराब झालीय म्हनले डाक्टर. तवापास्नं दर गुरवारी येतात. पन ओट्यावरच बसतात."

"आणि आक्का काहीच बोलत नाहीत?"

सुरेखा जरा विचार करून म्हणाली, "आता बोलत नायत का बोलवत नाय, काय कळायला मार्ग नाय."

हे तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. पण मला वाटतं, सिस्टर त्या ओट्यावर दर गुरुवारी येत होत्या त्या याच आधारावर. आक्काला एका श्वासात तीन शब्दांच्या वर बोलता येत नव्हतं. गप्प राहण्याला एक कारण मिळालं होतं, आणि ते राग नसू शकतं, एवढी जागा उरली होती.

त्यानंतर गुरुवारी दुपारी मी मोकळा असलो की सिस्टरांना स्कूटरवरून सोडू लागलो. त्यांनी मागितलं नाही, मीही विचारलं नाही. मी अंगणात वह्या तपासत बसे, त्या ओट्यावर.

माघातल्या एका गुरुवारी आम्ही पोचलो तेव्हा आक्काचा मुलगा विलास घरीच होता. एका कारखान्यात कामाला असलेला, चाळिशीचा, मनानं सरळ माणूस. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. आम्ही गाडीवरून उतरलो न उतरलो तोच तो ऑक्सिमीटर घेऊन बाहेर आला.

"मावशे, आज बघ. आये अठ्ठ्याण्णववर. एक्क्याण्णवच्या वर कधी गेली नव्हती. काल मी मशीन एकावरनं पाचावर ठेवलं. उगंच कंजूसपना करत होतो आमी. आता बघ कशी शांत झोपलीय."

"कवापास्नं झोपलीय?" सिस्टरांनी विचारलं.

"सकाळी डोकं दुखतंय म्हनाली," सुरेखा आतून म्हणाली. "मंग झोपली ती अजून. जेवायला उठवलं तर हूं करते आनी परत झोपते."

सिस्टर खिडकीशी गेल्या. घड्याळ पुढं धरलं. या वेळी त्यांनी मिनिट पुरं होऊ दिलं नाही. त्यांनी खिडकीतून हाक मारली, "आक्का." मी त्या घराशी त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो. आक्का हलली नाही. दुसरी हाक मारून त्या क्षणभर थांबल्या, चपला काढल्या आणि उंबरा ओलांडून आत गेल्या.

मी दारात पोचलो तोवर त्यांनी आक्काचा हात हातात घेतला होता. हात तांबूस आणि गरम होता. मागोमाग आलेल्या विलासनं ऑक्सिमीटर परत तिच्या बोटाला लावला. खांदा हलवल्यावर आक्कानं डोळे अर्धे उघडले आणि मिटले. सिस्टर मशीनकडे वळल्या आणि त्यांनी बटण फिरवून पाचावरून एकावर आणलं.

विलासनं त्यांचं मनगट धरलं. "काय करतेस? ऑक्सिजन कमी करतेस?"

"विलास, हात सोड."

"आयेचा ऑक्सिजन काढतेस तू?" त्याचा आवाज चढला तशी शेजारची माणसं दाराशी आली. "एवढ्या वर्सांचा राग आता काढायला आलीस काय?"

ऑक्सिमीटरवरचा आकडा उतरू लागला होता. शहाण्णव. चौऱ्याण्णव. विलास त्या आकड्याकडे बघत होता. त्यानं बटणाकडे हात नेला. सिस्टर त्याच्या आणि मशीनच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"तुझं यंत्र आत काय आलं तेवढं सांगतं," त्या म्हणाल्या. "बाहेर काय गेलं नाय, ते त्याला दिसत नाय. हिची छाती भरते पण रिकामी होत नाय. हिला एवढा ऑक्सिजन दिला की आतला कार्बन डायऑक्साइड साठत जातो. ही झोप नाय विलास, ही त्याची गुंगी हाय."

त्याला ते पटेना, आणि का पटावं? समोर आई, आकडा उतरतोय, आणि जिच्याशी घरानं संबंध ठेवला नाही ती बाई सांगतेय की उतरू दे. मी मास्तर असल्यामुळं माझं ऐकायची कुणाला सवय नाही. पण मला दिसलं की भिंतीवर, कॅलेंडरशेजारी डॉक्टरांचा कागद चिकटवलेला आहे. मी तो मोठ्यानं वाचला. "ऑक्सिजन एक लिटर. आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवच्या मध्ये ठेवणे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये." शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या. ती ओळ मी दोनदा वाचली.

विलासनं हात खाली घेतला. "मला वाटलं जास्त म्हंजे चांगलं," तो म्हणाला.

"सगळ्यांना तसंच वाटतं रं," सिस्टर म्हणाल्या. "गाडी बोलव आता. फोन लाव."

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आकडा नव्वदवर येऊन थांबला. सिस्टरांनी आक्काला उठवून बसतं केलं, तिच्या मागं स्वतः बसून तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि तिच्या कानाशी एकसारखं बोलत राहिल्या. "आक्का, सोड. हळूहळू सोड. ओठ मिटल्यासारखे करून सोड. अजून जरा. आता घे." आक्का ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. ॲम्ब्युलन्समध्येही त्या तशाच बसून गेल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी आक्काच्या मनगटातून रक्त काढून तपासलं. कार्बन डायऑक्साइड फार चढला होता. त्यांनी श्वास बाहेर टाकायला मदत करणारं मशीन लावलं, चेहऱ्यावर घट्ट मास्क बांधून. आणखी काही तास तसेच गेले असते तर अवघड होतं, असं ते विलासला म्हणाले. विलास बाकावर बसून रडला. सिस्टर त्याच्याशेजारी बसल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याचे श्वास मोजू लागल्या. किती आले ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्कानं डोळे उघडले. सिस्टर तिच्या पायांशी स्टुलावर बसलेल्या होत्या. आक्कानं त्यांच्याकडे बघितलं. मास्क असल्यामुळं ती काही बोलू शकली नाही. या वेळी तोंड भिंतीकडे वळवलं नाही, एवढं मात्र सुरेखानं मला मुद्दाम सांगितलं.

आठवड्याभरानं आक्का घरी आली. पुढच्या गुरुवारी मी सिस्टरांना घेऊन लोधिवलीला गेलो. मला वाटलं होतं की आता त्या सरळ आत जातील. पण त्या आपल्या ओट्यावरच बसल्या, खिडकीखाली. संकटात आत गेलो ती गोष्ट वेगळी, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. मशीन एकावर घुरघुरत होतं. विलासनं बटणावर चिकटपट्टीच लावून टाकली होती.

थोड्या वेळानं आतून आवाज आला. बारीक, मध्ये मध्ये तुटणारा.

"कुसुम."

सिस्टर उठून उभ्या राहिल्या.

"आत ये," आक्का म्हणाली. मग थांबली. दोन-तीन श्वास गेले. "सुरेखा, तेल आन." परत थांबली. "आनी फणी."

मी दाराच्या बाहेर उभा होतो. खाटेच्या कडेला पाय खाली सोडून आक्का बसली होती. तिनं समोरच्या जमिनीकडे बोट दाखवलं. सिस्टर, दोन तालुक्यांतल्या बाळांच्या पोटांवर हुकमत गाजवलेल्या आमच्या सिस्टर, मुकाट्यानं खाली बसल्या आणि त्यांनी पाठ तिच्याकडे केली. आक्कानं त्यांचा अंबाडा सोडला. पिकलेले, विरळ झालेले केस पाठीवर पडले. आक्कानं दोन्ही हातांना तेल लावलं आणि थांबली. केसांवरून हात फिरवला आणि थांबली.

"लक्षच नाय," ती म्हणाली. श्वास घेतला. "किती गेले केस."

"वय झालं आक्का," सिस्टर म्हणाल्या.

"माझ्यापरास," आक्का म्हणाली. मग बराच वेळ गेला. "धाकटी हायेस तू."

सिस्टर समोर बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. सुरेखा मला म्हणाली, भावजी, चहा घेता का, आणि मी तिच्यामागून अंगणात गेलो.

एका वेणीला पाऊण तास लागला. आक्का दोन पेड घालायची, दमायची, उशीला टेकायची, परत पुढं वाकायची. विलासनं एकदा म्हणून बघितलं की आये, राहू दे, सुरेखा घालंल. त्यावर आक्कानं त्याच्याकडे असं बघितलं की तो ओट्यावर येऊन माझ्याशेजारी बसला.

ऊन उतरल्यावर सिस्टर बाहेर आल्या. वेणी एका बाजूला तिरकी झाली होती, शेवटचा पेड सैल होता आणि टोकाला सुरेखाच्या मुलीची लाल रिबीन बांधलेली होती. सिस्टरांनी वेणी खांद्यावरून पुढं घेतली, वाऱ्यानं सुटू नये म्हणून पदराखाली धरली आणि स्कूटरवर बसल्या.

"सावकाश चालवा, मास्तर," त्या म्हणाल्या.